न दुखणारे मोडलेले हाड

मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या माणसाच्या घरात पहिल्या वर्षभरात जी बोलणी होतात, ती बहुतेक ठरलेली असतात. पाय पुन्हा चालू लागतील का, लघवीची नळी कधी निघेल, माकडहाडावरची लाली वाढून जखम होणार नाही ना, आणि दवाखान्याचे देणे कसे फेडायचे. पायांतल्या हाडांचा विषय या बोलण्यात सहसा येत नाही. मोडलेला असतो तो कणा, आणि सळ्या-स्क्रू बसवून डॉक्टरांनी तो स्थिर केलेला असतो. पायांना तर अपघातात अनेकदा खरचटलेलेही नसते. तरीही याच काळात त्या न मोडलेल्या पायांतील हाडे झपाट्याने झिजत असतात, आणि पुढे कधीतरी एखाद्या अगदी किरकोळ हालचालीत ती मोडतात. मोडली तरी दुखत नाहीत. हाडे झिजतात ही एक गोष्ट आणि मोडली तरी कळत नाही ही दुसरी, या दोन्ही आमच्या भागातील अशा प्रत्येक घरापर्यंत पोहोचाव्यात असे मला फार मनापासून वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

मी स्वतः व्हीलचेअरवर असते. उसाच्या हंगामात एका रात्री खानापूरहून बेळगावकडे येताना, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आमची दुचाकी आदळली आणि छातीच्या दहाव्या मणक्यापाशी माझ्या मज्जारज्जूला कायमची इजा झाली. बेंबीच्या खाली मला स्पर्श कळत नाही, ऊन-गार कळत नाही, वेदना कळत नाही. आमच्या सीमाभागात माझ्यासारखी माणसे गावोगाव आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांची कहाणी उंचावरून पडण्याची आहे. पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारायला छपरावर चढलेला आणि कुजलेल्या रिपेवर पाय पडून खाली आलेला कोणी, जांबोटीच्या बाजूला जांभळे काढताना किंवा फणस उतरवताना झाडावरून पडलेला कोणी, बेळगावात परांचीवरून कोसळलेला गवंडी कोणी. भारतात मज्जारज्जूच्या इजेमागे उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचे अपघात हीच दोन प्रमुख कारणे आहेत, आणि पडणारा बहुधा घरातला कमावता तरुण असतो. ठिसूळ हाडे हा म्हाताऱ्या माणसांचा, त्यातही म्हाताऱ्या बायकांचा आजार, अशी सर्वांची समजूत असल्यामुळे विशी-पंचविशीतल्या त्या मुलाच्या हाडांची काळजी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही.

हाड ही जन्मभर घडत आणि झडत राहणारी जिवंत वस्तू आहे. जुने हाड विरघळवणाऱ्या पेशी आणि नवे हाड घालणाऱ्या पेशी यांचे काम शरीरात सतत चालू असते, आणि कोठे किती हाड ठेवायचे हे मुख्यतः त्या हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरते. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 मध्ये हा नियम मांडला. पुढे संशोधकांना हेही उमगले की हाडाच्या आतच रुतून बसलेल्या पेशी हा भार ओळखतात, आणि भार नाहीसा झाला की त्या स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन जास्त प्रमाणात सोडतात, त्यामुळे नवे हाड घालण्याचे काम मंदावते. उभे राहताना आणि चालताना अंगाचे वजन पायांच्या हाडांवर येते हे आपल्याला सहज समजते, पण स्नायू हाडाला जी ओढ देतात तिचा जोरही फार मोठा असतो. मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली की वजनही जाते आणि ओढही जाते. अंतराळवीरांच्या कमरेच्या भागातील हाडांतून दरमहा सुमारे 1 ते 1.5 टक्के खनिज कमी होते असे मोजले गेले आहे, आणि ते थोपवण्यासाठी त्यांना अंतराळात रोज व्यायाम करावा लागतो. आमच्या गुडघ्यांजवळच्या जाळीदार हाडातून सुरुवातीच्या महिन्यांत दरमहा सुमारे 2 ते 4 टक्के हाड जाते. दोन-तीन वर्षांत मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक निम्म्याच्या आसपास रिते होऊ शकते. त्यानंतर झीज मंदावते, मात्र गेलेले हाड आपोआप परत येत नाही. ज्यांची इजा अपुरी असते, म्हणजे ज्यांच्या पायांत थोडीफार हालचाल शिल्लक असते आणि जे उभे राहू शकतात, त्यांचे नुकसान त्या मानाने कमी होते.

वाळवीने आतून पोखरलेला वासा बाहेरून जसा सरळ आणि शाबूत दिसतो, तसाच हा पाय दिसतो. वयामुळे हाडे ठिसूळ होतात तेव्हा मनगट, मणके आणि खुबा ही मोडण्याची मुख्य ठिकाणे असतात. आमच्या बाबतीत सर्वाधिक धोका गुडघ्याच्या लगेच वर आणि लगेच खाली असतो. माझे हात चाके ढकलून पूर्वीपेक्षा बळकट झाले आहेत, आणि कणा बसण्याचा भार घेत असल्यामुळे तोही बराचसा टिकून राहतो. म्हणजे एकाच शरीरात, एकाच रक्तावर पोसलेली काही हाडे तरुण माणसाची आणि काही अतिवृद्ध माणसाची असतात. हा विचार प्रथम मनात आला तेव्हा मी माझ्या पायांकडे कितीतरी वेळ पाहत राहिले होते.

झिजणाऱ्या हाडांतला कॅल्शियम रक्तात उतरतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. इजेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच लघवीतले त्याचे प्रमाण वाढते आणि पुढे काही महिने वाढलेले राहते. मुतखड्यांमागे हेही एक कारण असते. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये आणि तरुण पुरुषांमध्ये कधीकधी रक्तातलाच कॅल्शियम फार वाढतो. मग मळमळ होते, अन्न नकोसे होते, सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही, आणि मुलगा भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडून राहतो. घरच्यांना वाटते, पोर खचले. खचलेले असतेच, त्यात शंका नाही, पण एकदा रक्तातला कॅल्शियम तपासून घ्यावा एवढे सांगणारे कोणीतरी त्या घरात यायला हवे.

माझा पाय मोडला तो घरातच, अपघातानंतर बऱ्याच वर्षांनी. पलंगावरून व्हीलचेअरमध्ये सरकताना उजवे पाऊल पाय ठेवण्याच्या पट्टीखाली अडकून राहिले आणि धड मात्र वळले. मी पडले नाही, कोठे आपटले नाही. वहिनींनी पाऊल सोडवून पट्टीवर ठेवले आणि दिवस नेहमीसारखा सुरू झाला. संध्याकाळी शिकवणीची मुले येऊन गेली. रात्री पायांना येणारे झटके नेहमीपेक्षा जास्त येऊ लागले आणि अंगात बारीक कणकण वाटू लागली. सकाळी कपडे बदलताना वहिनींचा हात गुडघ्यावर थांबला.

"हा गुडघा बघ गं, केवढा सुजलाय. आणि कढत लागतोय हाताला. दुखत नाही काय तुला?"

दुखत नव्हते. वहिनी ब्लाउज शिवतात. त्यांनी मशिनीवरची टेप आणून दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजला आणि उजवा बराच मोठा भरला. असे मोजायला आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना पूर्वीच शिकवून ठेवले होते, आणि त्या एका शिकवणीने माझे पुढचे बरेच हाल वाचवले. संवेदना नसलेला पाय एकाच बाजूने सुजला, गरम लागला, लाल दिसला, किंवा अचानक जास्त झटके देऊ लागला, तर त्यामागे अनेक कारणे असू शकतात. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, कातडीखाली जंतुसंसर्ग असू शकतो, सांध्याभोवतीच्या मऊ भागात नको तेथे हाड तयार होऊ लागलेले असू शकते, किंवा हाड मोडलेले असू शकते. बाहेरून हे सारे इतके सारखे दिसते की अनुभवी डॉक्टरही नुसत्या नजरेने सांगू शकत नाहीत. दवाखान्यात आधी सोनोग्राफी करून गुठळी आहे का ते पाहिले गेले, आणि ते योग्यच होते, कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पण सोनोग्राफीत काही निघाले नाही म्हणजे काही झाले नाही, असे समजून तेथेच थांबता येत नाही. वहिनी एक्स-रे काढल्याखेरीज हलणार नव्हत्या. मांडीचे हाड गुडघ्याच्या चार बोटे वर मोडले होते.

ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टरांनी मला दाखवली. मोडलेल्या रेषेपेक्षाही मला आठवते ती हाडाची सावली, जी इतकी फिकट होती की तिच्या आरपार पाहता येईल असे वाटावे. माझ्या स्वतःच्या मांडीत घडलेली गोष्ट माझ्या आधी वहिनींच्या तळहाताला कळली, मग टेपला, मग फिल्मला, आणि मला सर्वांत शेवटी. आपण आजाराविषयी जे काही जाणतो ते जवळजवळ सगळे दुखण्याच्या आधारावर जाणतो. लहान मूल पडले की आई विचारते, कुठं दुखतंय. डॉक्टर पोट दाबतात आणि विचारतात, इथे दुखते का. शेजारीण सांगते, दुखत नाही ना, मग काळजी नको. दुखणे ही शिक्षा आहे असे माणसाला वाटत असते, पण ती राखण असते, आणि ती उठून गेली की शरीराची ती बाजू उघडी पडते. तेव्हापासून मी माझ्या पायांची राखण डोळ्यांनी आणि हातांनी करते. रोज रात्री झोपण्यापूर्वी आरशात टाचा आणि घोटे पाहते, दोन्ही गुडघ्यांवर दोन्ही तळवे एकाच वेळी ठेवून उष्णता सारखी आहे का ते बघते, आणि पावलांची दिशा बदललेली नाही ना याकडे लक्ष देते. बेंबीखालची उष्णता पायांना कळत नाही, पण माझ्या तळव्यांना कळते.

मोडलेले हाड जुळवण्याविषयी पूर्वी अनेक ठिकाणी असा विचार होत असे की हा माणूस चालत तर नाही, मग शस्त्रक्रिया कशाला, प्लॅस्टर घालून पडू द्यावे. हा विचार मला पटत नाही. मी चालत नाही हे खरे, पण पायांचा उपयोग मला नाही असे नाही. मी त्यांच्यावर तोल सावरून सरकते, मांडीवर वही ठेवून लिहिते, पाय सरळ असतील तरच नीट बसते. हाड वाकडे किंवा पिळून जुळले तर बसणे बिघडते, बसणे बिघडले की एका कुल्ल्यावर भार येतो, आणि तेथे जखम होते. म्हणून शस्त्रक्रिया करावी की नाही याचा निर्णय त्या त्या माणसाचे हाड, कातडी, वय आणि रोजचे जगणे पाहून व्हायला हवा. हाड पोकळ असले की स्क्रू पकड धरत नाहीत ही अडचण खरी आहे, आणि फार दिवस अंथरुणावर पडून राहण्याचे धोकेही तितकेच खरे आहेत. सर्वांत जपायचे ते मात्र प्लॅस्टरला. संवेदना असलेल्या पायाला प्लॅस्टर रुतले की माणूस ओरडतो. आमच्या पायाला ते हाडापर्यंत रुतले तरी वास येईपर्यंत कळत नाही. त्यामुळे चारी बाजूंनी बंद असलेल्या कडक प्लॅस्टरऐवजी भरपूर कापूस घातलेली, उघडता येणारी पट्टी बहुधा अधिक सुरक्षित ठरते. मला तशीच दिली होती. वहिनी ती सकाळ-संध्याकाळ सोडून टाच, घोटा आणि नडगीची कड पाहायच्या आणि पुन्हा बांधायच्या, आणि कित्येक आठवडे त्यांनी यात एकदाही खंड पडू दिला नाही.

येथे हाडवैद्यांविषयी लिहिणे भाग आहे, कारण आमच्या भागात पाय सुजला की पुष्कळ घरांची पहिली धाव तिकडेच असते. त्यांच्यावर लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे आणि त्या विश्वासाचा मी अवमान करू इच्छित नाही. मात्र संवेदना नसलेल्या पायाला बांबूच्या कामट्या आवळून बांधणे, तेल लावून जोराने चोळणे, आखडलेला गुडघा दाबून सरळ करणे आणि तापवलेल्या विटेने किंवा वाळूने शेकणे, यांतली प्रत्येक गोष्ट धोक्याची आहे, मग ती कितीही मायेने केलेली असो. आवळलेल्या कामटीखाली कातडी मरते, शेकाने भाजून फोड येतात, आणि जोराच्या मालिशीत न मोडलेले हाड मोडू शकते. नव्याने लुळ्या पडलेल्या पायांत जीव यावा म्हणून नवस बोलल्यासारखी नेमाने मालीश करणारे आईवडील मी पाहिले आहेत, आणि त्यांचे हात थांबवताना मला फार जड जाते. हलक्या हाताने तेल लावायला कोणाची हरकत नाही. सांधे आखडू नयेत म्हणून ते रोज हलवायलाही हवेत, पण मांडी आणि नडगी दोन्ही हातांनी खालून तोलून, सावकाश, आणि जेथे अडेल तेथे थांबून. पाऊल धरून त्याच्या जोरावर गुडघा वाकवला तर लांब तरफेसारखा सारा जोर नेमका त्या पोकळ झालेल्या टोकावर येतो. हे फिजिओथेरपिस्टने घरच्यांना स्वतः करून दाखवायला हवे. सांगून ते कळत नाही.

मानेच्या किंवा छातीच्या वरच्या मणक्यांपाशी इजा झालेल्यांच्या बाबतीत न दुखणारे हाड आणखी एका वाटेने बोलते, आणि ती वाट जास्त भीतीची आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावचा मुलगा, फणसाच्या झाडावरून पडून मानेला इजा झालेला, घरच्यांनी नवस फेडायला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर नेला. जीपमध्ये उचलून बसवताना त्याचा पाय सीटखाली दुमडला गेला असावा. परतीच्या वाटेवर त्याचे डोके फुटेल असे दुखू लागले, चेहरा लाल झाला, कपाळावरून घाम गळू लागला. घरच्यांना उन्हाचा त्रास वाटला. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्या माणसात खालच्या शरीराला काही इजा झाली की ते मेंदूला कळत नाही, पण खालच्या भागातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब एकाएकी फार चढतो. बहुतेक वेळा यामागे तुंबलेली लघवी किंवा साचलेला मळ असतो, पण मोडलेले हाडही असू शकते. अशा वेळी माणसाला आडवे न करता सरळ बसवायचे, कपडे आणि पट्टे सैल करायचे, लघवीची नळी पिळवटलेली नाही ना ते पाहायचे आणि तातडीने दवाखाना गाठायचा, कारण रक्तदाब असाच राहिला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्या मुलाचा जीव वाचला. त्याच्या नडगीचे हाड गुडघ्याखाली मोडले होते, हे नंतर एक्स-रेमध्ये दिसले.

हाडे किती झिजली आहेत हे मोजण्यासाठी डेक्सा नावाची तपासणी असते. ती करून घेताना कोठे मोजायचे हे आधी ठरवावे लागते, कारण इतरांच्या बाबतीत नेहमी मोजला जातो तो कमरेचा कणा आमच्या बाबतीत चांगला दिसतो, आणि हाडे ठीक आहेत असा अहवाल हातात पडतो. अस्थिघनता मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितले आहे की मज्जारज्जूच्या कायमच्या इजेत खुबा, मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक मोजावे, आणि प्रकृती स्थिर होताच लवकर मोजावे. प्रत्येक यंत्रावर गुडघा मोजण्याची सोय असतेच असे नाही. नसेल तर निदान खुबा तरी मोजून घ्यावा, आणि बेळगाव, हुबळी, मिरज किंवा कोल्हापूर येथे जाण्यापूर्वी फोन करून विचारावे, कारण व्हीलचेअरवरच्या माणसाची एक खेप म्हणजे घरातल्या दोघांचा बुडालेला रोजगार असतो.

औषधांविषयी फार आशा लावणे बरे नाही आणि त्यांच्याकडे पाठ फिरवणेही बरे नाही. झोलेड्रॉनिक ॲसिड हे वर्षातून एकदा सलाईनमधून दिले जाणारे औषध इजेनंतर लवकर दिले तर खुब्याची झीज बरीच रोखते असे दिसून आले आहे. गुडघ्याजवळ त्याचा उपयोग तितका खात्रीचा नाही. ते देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम, रक्तातले ड जीवनसत्त्व आणि दातांची अवस्था पाहावी लागते, आणि पहिल्यांदा घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. आठवड्याला एक गोळी घ्यायची औषधेही आहेत, पण ती उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावे लागते, आणि मान-खांद्यापासून लुळ्या असलेल्या माणसाला ते सहज जमत नाही. डेनोसुमॅब हे सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन सुरू केले तर डॉक्टरांना न विचारता मध्येच सोडू नये, कारण ते सोडल्यावर झीज उसळी मारून परत येते. या सर्वांत काळ महत्त्वाचा आहे. जे वाचवायचे ते पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच बरेचसे वाचते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हाडांचा विषय कोणी काढत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना हातात पडणाऱ्या कागदावर याविषयी एक ओळ तरी असायला हवी, आणि ती घरातल्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत असायला हवी, हे मी जेथे संधी मिळेल तेथे बोलत असते.

आहाराविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. नाचणी आमच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्यात पिकते, आणि 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतो. भाकरी, आंबील, दूध, दही आणि ताक एवढे रोज पोटात जावे. मुतखड्याच्या भीतीने दूध बंद करणारी घरे आहेत, ते सहसा गरजेचे नसते. उलट सुरुवातीच्या महिन्यांत कॅल्शियमच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. ड जीवनसत्त्व ऊन असलेल्या मुलखातही कमी भरते, विशेषतः सोप्यातून अंगणात येण्यासाठी उंबरा ओलांडता न येणाऱ्या माणसात, म्हणून ते तपासून घ्यावे. तंबाखू-विडी आणि दारू हाडांची वैरी आहेत, आणि फिट्सवरची काही औषधेही हाडे कमकुवत करतात, तेव्हा ती चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे.

उभे राहण्याविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तेथे आशा गुंतलेली असते. स्टँडिंग फ्रेममध्ये उभे राहिल्याने मनाला बरे वाटते, झटके कमी होतात, पोट साफ व्हायला मदत होते, आणि दारात आलेल्या माणसाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलता येते. यातले प्रत्येक सुख मी अनुभवलेले आहे आणि ते खरे आहे. पण एकदा गेलेले हाड केवळ असे उभे राहून परत भरते याला भक्कम आधार नाही. विजेच्या सौम्य प्रवाहाने स्नायू आकुंचित करून सायकल चालवण्याच्या उपचारात, भार पुरेसा आणि काळ दीर्घ असेल तर, काही सुधारणा दिसते, आणि तो थांबवला की मिळवलेले हाड पुन्हा जाते. म्हणून अनेक वर्षे बसून राहिलेल्या माणसाने कोणाच्या उत्साहाखातर एकदम कॅलिपर, म्हणजे पायांना ताठ धरणारे आधार, चढवून उभे राहणे, किंवा चालवणाऱ्या यंत्रात पाय अडकवणे, धोक्याचे आहे. अशा यंत्रांत हाडे मोडल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. आधी हाडे मोजावीत, मग उभे राहावे. गावात पाहुणे जमले की कोणीतरी काखेत हात घालून म्हणतो, "ऊठ की रे, मनावर घेतलं की होतंय." त्या हातांना त्या वेळी नम्रपणे, पण ठामपणे थांबवायला हवे, आणि हे काम घरातल्या वडीलधाऱ्यांनी करायला हवे, कारण त्या मुलाला ते बोलवत नाही.

मोडतात ती हाडे फार मोठ्या अपघातांत मोडत नाहीत. व्हीलचेअरचे पुढचे चाक न्हाणीच्या उंबऱ्याला अडकून माणूस गुडघ्यांवर पडतो, ओल्या फरशीवरून ब्रेक न लावलेली खुर्ची मागे सरकते, रिक्षात बसवताना एकाने काखा धरलेल्या असतात आणि पाय मोकळे लोंबत असतात, कूस बदलताना एक पाय खालीच राहून पिळवटतो, विजार ओढताना पाऊल शिवणीत अडकते. म्हणून आमच्या घरात एक शिस्त ठरली आहे: मला हलवायचे असेल तेव्हा आधी पावले कोठे आहेत ते पाहायचे आणि मग अंगाला हात लावायचा. मांडीभोवती आणि नडगीभोवती एक रुंद पट्टा असतो, त्यामुळे रस्त्यावरच्या खड्ड्यांत पाय पट्टीवरून घसरत नाहीत. वायव्य कर्नाटक परिवहनच्या उंच पायऱ्यांच्या बसमध्ये मी चढत नाही. उचलणाऱ्यांची माया कितीही मोठी असली तरी त्या अरुंद दारात पायांकडे पाहणारे कोणी नसते.

यातले बरेचसे मला डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून कळले, आणि उरलेले माझ्याआधी व्हीलचेअरवर आलेल्या माणसांकडून. अशी माणसे एकत्र येतात तेथे हे ज्ञान बोलता बोलता पुढे जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे आमच्या खेड्यांत सैन्यातले घर सापडतेच, आणि जखमी सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी, ज्या स्वतः व्हीलचेअरवर आहेत, 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. पण कणकुंबीच्या अलीकडे एखाद्या वाडीत छपरावरून पडलेल्या माणसाच्या आसपास दुसरा असा माणूस बहुधा नसतो, आणि त्याच्या घरच्यांना प्रत्येक गोष्ट स्वतः सोसूनच शिकावी लागते.

म्हणून नव्याने अशी इजा झालेल्या कोणाच्या घरी गेले की मी एक चिठ्ठी देऊन येते. ती मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहून घेतलेली आहे, कारण रात्री-अपरात्री दवाखान्यात समोर कोण असेल हे सांगता येत नाही. व्हीलचेअरच्या मागच्या पिशवीत ती कायम ठेवायची असते. तिच्यात एवढेच आहे: या माणसाच्या मज्जारज्जूला अमुक मणक्यापाशी इजा आहे. खालच्या भागाला वेदना कळत नाही. पाय सुजला असेल तर दुखत नाही म्हणून घरी पाठवू नका. गुठळी तपासा आणि त्याबरोबर मांडीपासून घोट्यापर्यंत एक्स-रे काढा. डोके दुखत असेल आणि घाम येत असेल तर आधी बसवा आणि रक्तदाब पाहा. बंद कडक प्लॅस्टर घालू नका, कापूस भरून उघडता येईल अशी पट्टी द्या. पाय हलवताना गुडघ्याच्या वर आणि खाली, दोन्ही जागी हात लावा.